बचावपटूच्या नजरेने

आपल्या डोक्यावरून चेंडू मागे जाऊन पडावा आणि आपल्याच गोलकडे तोंड करून धावत सुटावं लागावं, याची बचावपटूला सगळ्यात जास्त धास्ती असते. समोरून येणाऱ्याला अडवणं सोपं. पाठमोरं पळताना मात्र शरीरही साथ देत नाही आणि डोकंही. जॅक चार्लटन यांनी ही धास्ती दोन दशकं अनुभवली आणि मॅनेजर झाल्यावर ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या पदरात टाकली. त्यांच्या फुटबॉलला ओबडधोबड म्हणणारे पुष्कळ होते, आजही आहेत. मला मात्र त्यात मागच्या फळीतल्या माणसाची तल्लख समज दिसते.

जन्म 8 मे 1935 चा, इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलंडमधल्या ॲशिंग्टन या कोळसाखाणींच्या गावात. वडील खाणकामगार. आई सिसी ही मिलबर्न घराण्यातली. तिचे भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू आणि न्यूकॅसलचा लाडका जॅकी मिलबर्न तिचा चुलतभाऊ. जॅकचा धाकटा भाऊ बॉबी लहानपणापासूनच असामान्य होता. उंच, हाडकुळ्या जॅककडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पंधराव्या वर्षी ते खाणीत कामाला लागले, आतलं जग पाहिलं आणि हे आपलं आयुष्य नव्हे असं ठरवून बाहेर पडले. पोलीस भरतीचा अर्जही केला होता. नेमकं त्याच सुमारास लीड्स युनायटेडनं चाचणीसाठी बोलावलं आणि त्यांनी फुटबॉल निवडला.

लीड्सच्या पहिल्या संघाकडून ते 1953 मध्ये खेळले आणि 1973 पर्यंत दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे गेले नाहीत. 773 सामने, क्लबचा हा विक्रम अजून उभा आहे. सुरुवातीची वर्षं मात्र भांडखोरपणाची होती. 1961 मध्ये डॉन रेव्ही मॅनेजर झाले, त्यांनी या हट्टी सेंटर हाफला शिस्त लावली आणि मग क्लबबरोबर चार्लटनही वर चढत गेले. 1969 ची लीग, 1972 चा एफए कप, दोन वेळा फेअर्स कप. कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभं राहायचं, त्याला ना दिसू द्यायचं ना हलू द्यायचं, हा त्यांचा डाव त्या काळी गाजला होता. गोलरक्षकाला कशाचा त्रास होतो, हे ज्याने वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभं राहून पाहिलंय, त्यालाच हे सुचणार.

इंग्लंडची जर्सी मिळाली तेव्हा तिशीला जेमतेम महिना उरला होता. पुढच्याच वर्षी, 1966 मध्ये, वेम्बलीवर ते विश्वविजेते झाले. अंतिम सामना संपत आला असताना त्यांच्याविरुद्ध दिलेल्या फ्री किकवरून पश्चिम जर्मनीनं बरोबरी साधली होती. जादा वेळेनंतर शिट्टी वाजली तेव्हा ते गुडघ्यांवर कोसळले. त्याआधी पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बॉबीनं इंग्लंडचे दोन्ही गोल केले, तेव्हा या दोघांचे वडील खाणीत पाळीवर होते. दोन्ही पोरं विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळताहेत आणि बाप कोळसा काढतोय! पुढे 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात जॅक उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले, त्याचं मूळ या घरात आहे.

मॅनेजर म्हणून पहिलं काम मिडल्सब्रोचं. 1973-74 च्या पहिल्याच हंगामात संघानं दुसरा विभाग जिंकला, तोही तब्बल पंधरा गुणांच्या आघाडीनं. आणि तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत. तरुण ग्रॅम सूनेस मधल्या फळीत, सेल्टिककडून आलेले अनुभवी बॉबी मरडॉक त्याच्या जोडीला. पण चार्लटन यांची खरी छाप ॲलन फॉगनच्या धावेत होती. प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी ऑफसाइडच्या सापळ्यासाठी पुढे सरकली, की फॉगन मागून वेगात निघायचा आणि चेंडू त्यांच्या पाठीमागे पडायचा. आयर्लंडच्या पुढच्या सगळ्या कथेचं बीज इथेच आहे.

1977 मध्ये रेव्ही यांनी इंग्लंडचं मॅनेजरपद सोडलं तेव्हा चार्लटन यांनी अर्ज केला. फुटबॉल असोसिएशननं साधं उत्तरही पाठवलं नाही. विश्वचषक जिंकून दिलेल्या खेळाडूला पोचही देऊ नये, हे मला आजही अक्षम्य वाटतं. त्यानंतर शेफील्ड वेन्सडेला त्यांनी तिसऱ्या विभागाच्या तळातून उचलून 1980 मध्ये वर आणलं आणि 1983 मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं. न्यूकॅसलला एकच हंगाम टिकले. पुढच्या हंगामापूर्वीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्यांनी राजीनामा दिला.

आणि मग आयर्लंड. मॅनेजर निवडताना पहिल्या फेरीत लिव्हरपूलचे बॉब पेझली आघाडीवर होते. शेवटच्या मतदानात चार्लटन निघाले. 1986 च्या सुरुवातीला ते रुजू झाले तेव्हा आयर्लंडला युरो किंवा विश्वचषकाची मुख्य स्पर्धा एकदाही गाठता आली नव्हती. त्यात हा इंग्रज, इंग्लंडसाठी विश्वचषक जिंकलेला. संशय असणं स्वाभाविक होतं.

त्या वर्षीचा मेक्सिकोतला विश्वचषक त्यांनी बारकाईनं पाहिला. जवळपास प्रत्येक संघ मधल्या फळीतल्या एका कल्पक खेळाडूभोवती खेळ रचतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ठरवलं, मधली फळी टाळायचीच. चेंडू थेट प्रतिस्पर्धी फुलबॅकच्या मागच्या कोपऱ्यात टाकायचा, त्याला वळून धावायला लावायचं आणि मग चार-पाच जणांनी त्याच्यावर तुटून पडायचं. खेळाडू मिळवले घराण्यातल्या आयरिश मुळांवरून: ग्लासगोत जन्मलेला रे हाउटन, लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज. परदेशी गेलेल्या आयरिश कुटुंबांची मुलं-नातवंडं हिरव्या जर्सीत परत आली.

12 जून 1988, युरो स्पर्धा, श्टुटगार्ट. सहाव्या मिनिटाला हाउटनचं हेडर, आणि आयर्लंडनं इंग्लंडला 1-0 असं हरवलं. ज्या असोसिएशननं अर्जाची दखल घेतली नव्हती, तिच्याच संघाविरुद्धचा हा विजय!

या पद्धतीची किंमत मात्र लिअम ब्रेडीनं मोजली. तो आयर्लंडचा सर्वात नजाकतदार खेळाडू; चेंडू पायाशी ठेवून विचार करणारा. सप्टेंबर 1989 मध्ये डब्लिनला पश्चिम जर्मनीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात चार्लटन यांनी त्याला पूर्वार्ध संपायच्या आतच बाहेर बोलावलं. त्या दिवसानंतर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यातच जमा झाली. डावपेच म्हणून निर्णय कदाचित बरोबर असेल, पण तो ज्या रीतीनं घेतला, ती क्रूर होती.

उलट पॉल मॅकग्राच्या बाबतीत याच माणसाचं मन केवढं मोठं होतं! डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला मॅकग्रा, दारूनं पोखरलेला, गुडघे निकामी झालेले. चार्लटन यांनी त्याला पाठीशी घातलं, जपलं, आणि मैदानावर त्याच्यावर सर्वात जास्त भरवसा टाकला. मॅकग्रा पुढे त्यांच्याविषयी वडिलांविषयी बोलावं तसं बोलत राहिला.

1990 च्या इटलीतल्या विश्वचषकात आयर्लंडनं नियमित वेळेत एकही सामना जिंकला नाही आणि तरी उपांत्यपूर्व फेरी गाठली. इजिप्तविरुद्धच्या गोलशून्य सामन्यानंतर एमन डन्फी या पत्रकारानं दूरचित्रवाणीवर संतापून पेन फेकून दिला, आणि त्याचा राग सर्वस्वी चुकीचा नव्हता. तो सामना खरोखरच रटाळ होता. मग 25 जूनची जेनोवा. रुमानियाविरुद्ध 120 मिनिटं गोलशून्य. पेनल्ट्यांत दोन्ही संघांच्या पहिल्या चार-चार आत गेल्या. पाचवी घ्यायला रुमानियाचा टिमोफ्टे आला, आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बॉनर आपल्या उजवीकडे झेपावला आणि त्यानं ती अडवली. आता आयर्लंडची पाचवी. पुढे निघाला डेव्हिड ओलिअरी, जादा वेळेत आत आलेला बदली बचावपटू. 1986 मध्ये आइसलंडच्या दौऱ्याला नकार दिला म्हणून याच ओलिअरीला चार्लटन यांनी दोन वर्षांहून अधिक काळ संघाबाहेर ठेवलं होतं. त्यानं चेंडू शांतपणे जागेवर ठेवला आणि जाळ्यात धाडला. पुढे रोममध्ये इटलीच्या स्किलाचीच्या एकमेव गोलनं वाट अडवली, तरी मायदेशी स्वागताला लाखो लोक रस्त्यावर उतरले.

1994 मध्ये अमेरिकेत इटलीला 1-0 नं हरवलं. गोल पुन्हा हाउटनचाच. पण ऑरलँडोच्या उन्हात हा धावपळीचा खेळ थकला, तसा संघही वयस्क होत गेला. डिसेंबर 1995 मध्ये ॲनफिल्डवर नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टच्या दोन गोलांनी युरोचं दार बंद झालं. हरलेल्या संघाचे समर्थक सामना संपल्यावरही गात राहिले, चार्लटन यांनी त्यांना हात केला आणि लवकरच पद सोडलं. 1996 मध्ये आयर्लंडनं त्यांना मानद नागरिकत्व दिलं.

मासेमारी, नॉर्थम्बरलंडचं घर, बॉबीशी वर्षानुवर्षांचा दुरावा आणि 2008 मध्ये बीबीसीच्या मंचावर त्यालाच जीवनगौरव देण्याचा क्षण, असे पुढचे दिवस गेले. स्मृतिभ्रंशानं गाठलं. 10 जुलै 2020 रोजी ते गेले. अंत्ययात्रेला ॲशिंग्टनचे रस्ते दुतर्फा भरले होते.

आयर्लंडमध्ये त्यांच्या जागी मिक मॅकार्थी आला होता: इंग्लंडमध्ये जन्मलेला, मागच्या फळीत खेळलेला, 1990 च्या संघाचा कर्णधार. 2002 मध्ये त्यानं देशाला पुन्हा विश्वचषकात नेलं.