नवी मोटार लीजवर, की वर्ष-दीड वर्ष वापरलेली विकत?



उसाची बिले हातात पडली की गावोगाव मोटारीची बोलणी सुरू होतात. अल्लीपूरच्या शिवारात कपाशी, सोयाबीन, तुरीच्या जोडीने ऊस लावणाऱ्या सभासदाला हिंगणघाटचा बाजार, वर्ध्याचा दवाखाना, मुलांचे कॉलेज यांसाठी चारचाकी आज चैन राहिलेली नाही. प्रश्न एवढाच, की ती घ्यायची कशी? लीज म्हणजे भाडेकराराने नवी कोरी मोटार मिळते असे शहरातली पोरे सांगतात. मोटार कंपन्यांनीच २०२० च्या सुमारास मोठ्या शहरांत ही पद्धत आणली. दुसरी वाट म्हणजे कोणीतरी थोडी वापरून काढलेली गाडी विकत घेणे.

लीजमध्ये गाडी आपली नसते. महिन्याला ठराविक रक्कम भरायची; विमा, कर, सर्व्हिसिंग बहुधा त्यातच येते. मुदत संपली की किल्ली परत. मोठी रक्कम एकदम गुंतत नाही, हा त्यातला खरा फायदा. नोकरदाराला आणि व्यापाऱ्याला तो मानवतो, कारण त्यांचा पैसा दरमहा येतो आणि भाड्याचा खर्च दाखवून आयकरही वाचतो. आपले तसे नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकरच नाही, मग वाचवायचा कोणता? भाड्यावर जीएसटी बसतो, त्याचीही वजावट शेतकऱ्याला मिळत नाही.

त्याहून मोठी अडचण हप्त्याची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. पण ऊस तुटतो वर्षातून एकदाच. लीजवाला मात्र जूनमध्येही भाडे मागणार, आणि जून म्हणजे बी-बियाणे व खताचा महिना! मुदतीआधी गाडी परत केली तर करारात दंड असतो. शिवाय किलोमीटरची मर्यादा आणि परत देताना ओरखड्यांची भरपाई. आपल्या पांधणीतून, काळ्या मातीच्या चिखलातून, डिक्कीत फवारणीचे डबे टाकून फिरणारी गाडी ‘जशी दिली तशी’ कोण परत करू शकेल?

आता वापरलेली गाडी. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकात एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्के घटवून धरतात. समजा, शोरूममधली किंमत ८ लाख. म्हणजे घट १ लाख ६० हजारांची. त्यात महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ८८ हजार. तो पहिल्या मालकाने भरलेला असतो, त्याच राज्यात दुसऱ्याला पुन्हा भरावा लागत नाही. दोन्ही मिळून २ लाख ४८ हजार. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करताही हे जवळपास ७० टन उसाचे पैसे झाले. बाजारात भाव थोडा इकडे-तिकडे होईल, पण हिशेबाची दिशा हीच.

मात्र एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या गाडीचा मालक जुने, चढे बिल दाखवून भाव सांगतो. त्या बिलाकडे पाहू नका. त्याच मोटारीचा आजचा शोरूमचा भाव विचारा आणि त्यातून घट काढा.

खरा धोका कागदाचा आहे. आपल्याकडे विक्री शब्दावर होते, पैसे दिले की किल्ली घेतली, आणि नाव बदलायचे ‘पाहू सवडीने’. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर येते. गाडी तीन-चार हात फिरली असली तरीसुद्धा. तेव्हा विकणाऱ्या सभासदानेही हे वाचावे, नाहीतर मोटार गेली आणि वावरावर बोजा आला अशी गत व्हायची.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नमुना २९ व ३० दोघांच्या सह्यांनी भरून वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे द्यावेत. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, त्यामुळे दीड वर्षाच्या गाडीत त्याची मुदत शिल्लक निघते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र वेगळा तपासावा लागतो.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. तिथला ना-हरकत दाखला, इथली नवी नोंदणी आणि इथला कर धरून मगच तिचा भाव करावा. आणि सौदा ठरवण्यापूर्वी गावातला ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, तो चहापाण्यावरही येतो.