अंगणातल्या झाडाला हात लावण्यापूर्वी

पूर्णा हे त्याच नावाच्या नदीकाठचं रेल्वे जंक्शनचं गाव. नगर परिषद असल्याने इथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. झाड आपल्या अंगणात असलं तरी तोडायला परवानगी लागते. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही या कायद्याच्या लेखी ‘तोडणं’च. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं.

छाटणीसाठी माणूस बोलवाल, तर आधी मजुरी ठरवा. लाकडाच्या मोबदल्यात काम दिलं की कुऱ्हाड गरजेपेक्षा जास्त चालते, हे उघड आहे. शेंडा उडवणारा नको. करवत, दोर आणि सुरक्षा पट्टा घेऊन येणारा बघा. वीजतारांजवळची फांदी असेल, तर महावितरणला कळवा. तिथे स्वतःचं धाडस नको.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा. वजन उतरलं की उरलेला खुंट बुडाच्या फुगवट्याबाहेर कापायचा. हा फुगवटा शाबूत असेल, तर जखम लवकर भरते. एकाच घावात तोडलेली फांदी खोडाची साल सोलत खाली येते.

बुंध्याभोवती फरशी नको. 2013मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. उन्हाळ्यात पाणीही बुंध्यात नव्हे, फांद्यांच्या घेराखाली द्यावं. फळझाडांच्या छाटणीबद्दल शंका असल्यास परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे.