मार्चअखेरची हिंगोली

पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. हिंगोली नगरपरिषदेचे वर्ष मात्र 31 मार्चलाच संपते. त्याआधीचे काही आठवडे वसुली पथके गल्लोगल्ली फिरतात. घरपट्टी, नळपट्टी, मागची थकबाकी आणि तिच्यावर महिन्याला 2 टक्के शास्ती. ‘हळद निघू द्या साहेब, भरून टाकतो,’ हे इथले उत्तर. हळदीच्या मुलखात ते अगदीच खोटे नसते. शहरात घर आणि गावाकडे रान असलेली माणसे इथे थोडी नाहीत.

रिसाला बाजार, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे ऐकली की इथे एके काळी छावणी होती हे वेगळे सांगावे लागत नाही. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची ती छावणी 1903 च्या सुमारास उठली. घोडेस्वार गेले, घरे आली. नोटिसा आजही त्याच नावांच्या पत्त्यांवर निघतात.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जागांचे भाव चढले. त्याच वर्षी राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली. म्हणजे शहराचा मान वाढला आणि रोजच्या रोज नाक्यावर जमणारा हक्काचा पैसा गेला. बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान मिळू लागले. बहुतेक नगरपरिषदांत ते पगारातच संपते.

म्हणून ‘वर्षभरातील प्रगती’ असा मथळा दिसला की मी आधी रस्त्यांचे पान उघडत नाही. रस्ता, सभागृह, तळ्याचे सुशोभीकरण या गोष्टी बहुधा बाहेरून आलेल्या निधीतून होतात आणि तो निधी कशावर खर्चायचा हे वरच ठरलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात अशा शहरांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेशी बांधून टाकला. शिवाय अट घातली की हिशेब लोकांना पाहता येतील असे संकेतस्थळावर टाका, तरच पैसे. ऑडिट झालेला ताळेबंद कपाटात धूळ खात पडायचा, त्याला या अटीने उजेड दाखवला. माझ्या मते आयोगाने दिलेल्या पैशांपेक्षा ही अट मोलाची.

नगरपरिषदेची खरी तब्येत कळते ती मागणी आणि वसुली या दोन रकान्यांत. कारण विजेचे बिल अनुदानातून सहज भागत नाही. कयाधू शहराला लागून वाहते, पण उन्हाळ्यात तिच्यावर विसंबता येत नाही. हिंगोली पिते ते पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी. ते मोटारींनी उपसायचे, शुद्ध करायचे, टाक्यांत चढवायचे. नळपट्टी थकवणारा पाणी फुकट पितो असे आपण म्हणतो, पण त्याच्या वाटचे बिल शेजारी भरत असतो. उद्या भुयारी गटारे कितीही झाली तरी त्यांची मोटारही याच खिशावर चालणार.

या खिशाला राखणदारही बराच काळ नव्हता. 2016 ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. पुढचे मतदान उजाडले ते थेट डिसेंबर 2025 मध्ये. प्रशासकाच्या काळात कामे होतात, कधी भराभरही होतात. फक्त पट्टी का वाढली असे भर सभेत विचारणारे कुणी नसते. आकड्यांचेही तसेच. 2011 च्या जनगणनेत शहर 85,103 माणसांचे होते, म्हणजे नगरपरिषद ‘ब’ वर्गातली. वित्त आयोगाची वाटणी त्याच जनगणनेवर झाली. नंतरची वस्ती त्या भागाकारात आलीच नाही. तिचा कचरा मात्र घंटागाडीत येतोच.

अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लाखांवर माणूस लोटतो. रांगा आदल्या रात्रीपासून. मग दसऱ्याला रामलीला मैदान. गर्दी पांगली की पहाटे झाडू घेऊन जे उतरतात, त्यांतल्या कायम कामगारांचा पगार निघतो तो त्याच सहायक अनुदानातून, सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी उठलेल्या नाक्याच्या भरपाईतून.