फिरते घर आणि गावोगावची दूरचित्रवाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारीवरच घर बांधून, किंवा ते मोटारीमागे जोडून, महिनोन्‌महिने प्रवास करणारी पुष्कळ कुटुंबे आढळतात. निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी आणि दूरचित्रवाणीचा संच असा सारा संसार त्या फिरत्या घरात मावतो. मात्र मुक्काम बदलला की संचावरील केंद्रेही बदलतात. काल दिसणारे केंद्र आज दिसेनासे होते. हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. कॅन्सस, ओक्लाहोमा या मैदानी राज्यांत वसंत ऋतूत टॉर्नेडो नावाच्या घातक वावटळी उठतात. त्यांचे इशारे स्थानिक केंद्रे तत्परतेने देतात. हलक्या भिंतींचे फिरते घर अशा वेळी आसरा देऊ शकत नाही. ते सोडून पक्क्या इमारतीत जावे लागते. म्हणून परक्या मुलखात स्थानिक केंद्र कसे गाठावे, याचा विचार येथे करू.

दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे प्रत्येक मनोऱ्याला त्याचे स्वतःचे क्षितिज असते. वातावरण लहरींना किंचित खाली वाकवते, हे जमेस धरले तर हिशेब सोपा आहे : मनोऱ्याची मीटरमधील उंची घ्यावी, तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर होय. ३०० मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज सुमारे ७१ किलोमीटरांवर, तर वाहनाच्या छपरावर ४ मीटर उंचीवर असलेल्या अँटेनाचे सुमारे ८ किलोमीटरांवर असते. दोहोंची बेरीज ८० किलोमीटरांच्या आसपास भरते. वाटेत डोंगर असेल, तर मात्र हा हिशेब कोलमडतो. मुंबईचे प्रक्षेपण सह्याद्रीआड पुण्यास पोचावे म्हणून १९७३ साली सिंहगडावर केंद्र उभारावे लागले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. यूटा राज्यातही याच कारणास्तव डोंगरमाथ्यांवर अनेक लहान पुनःप्रक्षेपण केंद्रे आहेत.

आता अँटेनाकडे वळू. तिची लांबी लहरींच्या लांबीशी जुळावी लागते. ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर असते. तिला २५ सेंटिमीटरांची दांडी पुरते. २०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीस मात्र ७५ सेंटिमीटर लागतात. अमेरिकेतील प्रक्षेपण मुख्यत्वे आडव्या ध्रुवणाचे असल्यामुळे दांडीही आडवीच हवी. अँटेना घरात ठेवून भागत नाही, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा लहरींना आत येऊ देत नाही. छपरावरील अँटेना दोन प्रकारची असते. एक चहूदिशांनी लहरी घेते. ती सोयीची, पण दुबळी. दुसरी एका दिशेकडे रोखावी लागते. तिची पकड दूरवर जाते, परंतु प्रत्येक मुक्कामी ती वर करून फिरवावी लागते आणि निघताना आठवणीने खाली घ्यावी लागते. तिच्याशी जोडलेला विवर्धक १२ व्होल्टच्या विजेवर चालतो. तो क्षीण संकेत वाढवतो, तसा गोंगाटही वाढवतो. जो संकेत अँटेनापर्यंत आलाच नाही, तो त्याला निर्माण करता येत नाही.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतील पूर्णशक्तीच्या केंद्रांनी जुनी पद्धत सोडून अंकीय प्रक्षेपण स्वीकारले. पूर्वी संकेत क्षीण झाला की चित्रावर पांढरे ठिपके पडत, तरी बातमी कळे. आता चित्र एक तर स्वच्छ दिसते, नाही तर चौकटी-चौकटींनी फुटून नाहीसे होते. शिवाय संच आपल्या स्मरणात मागच्या गावाचीच यादी बाळगून असतो. म्हणून नव्या मुक्कामी त्याला सर्व वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावयास लावणे अगत्याचे असते. केंद्र जवळ असूनही ते न दिसण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

उपग्रहाची तबकडी असली म्हणजे काम भागले, असेही नाही. स्थानिक केंद्रांचे कार्यक्रम उपग्रह अरुंद झोतांतून ठरावीक प्रदेशापुरते पाठवतो. वाहन त्या झोताबाहेर गेले की राष्ट्रीय वाहिन्या चालू राहतात. घरच्या गावाची केंद्रे मात्र लोपतात.

शेवटची गोष्ट यंत्राची नसून माणसाची आहे. वादळाच्या इशाऱ्यात बहुधा काउंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचे, नाव घेतले जाते. तेथील रहिवाशाला ते ओळखीचे असते. काल रात्री येऊन उतरलेल्या पाहुण्याला नसते. यास्तव जाणते प्रवासी मुक्कामी पोचताच तीन कामे करतात : अँटेना रोखतात, वाहिन्या नव्याने शोधतात आणि आपण ज्या काउंटीत उतरलो तिचे नाव कागदावर लिहून संचाजवळ लावतात. पहिल्या दोहोंमुळे इशारा ऐकू येतो. तो आपल्यासाठी आहे, हे तिसऱ्यामुळे कळते.