डग्ग्याचा घुमारा आणि भरीच्या पेट्या

मांडवात अगदी पुढे बसलेल्या रसिकाला गवय्याचा चेहरा सर्वांत स्पष्ट दिसतो, आवाज मात्र बरेचदा अर्धाच पोचतो. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा मारा त्याच्या डोक्यावरून मागे जातो. म्हणून रंगमंचाच्या काठावर छोट्या पेट्या मांडतात, त्या ‘फ्रंट फिल’. मांडव लांब असला की मध्यावरही पेट्या लागतात. त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात, म्हणून साऊंडवाले त्यांना ‘डिले’ म्हणतात. या भरीच्या पेट्यांतून बेस किती सोडायचा, यावर अख्ख्या मैफलीचा आवाज अवलंबून असतो.

पुण्यातल्या बिबवेवाडीकरांना अशा मांडवाचा मोठा नमुना घराजवळच पाहायला मिळतो. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षे रमणबागेत भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. समोर भारतीय बैठक, मागे खुर्च्या, हजारो कान. दणदणाटी कार्यक्रमात खपून जाणारी चूक अशा ठिकाणी तंबोऱ्यातही ऐकू येते.

१०० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी साधारण ३.४ मीटर. दहा इंची पेटी तिच्यापुढे एवढीशी. ती या लहरीला दिशा देऊ शकत नाही. बेस पुढे जातो तसाच मागे, रंगमंचावरही जातो. तिथे तो तंबोऱ्याच्या माइकात शिरतो आणि माइक घूं घूं करू लागतो. शिवाय मुख्य पेट्यांचा बेस पुढच्या रांगेत आधीच पोचलेला असतो. तोच बेस दुसऱ्या पेटीतून १.७ मीटर जास्त अंतर कापून आला, तर १०० हर्ट्झला दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. चार पावलांवर त्याच लहरी एकमेकींत भर घालतात. एका बैठकीवर डग्गा गायब, शेजारी नुसता ढब ढब.

उपाय साधा आहे. फ्रंट फिलचा साधारण १२० ते १५० हर्ट्झखालचा भाग हाय पास फिल्टरने कापायचा. मग तंबोऱ्याचा खर्ज हरवेल, ही भीती अनाठायी आहे. काळी एकच्या खर्जाची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ, पण तंबोरा बोलतो तो मुख्यतः उपस्वरांनी. मूळ स्वर क्षीण असला तरी उपस्वरांवरून कान खर्ज ओळखतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. फिल्टर लावला की त्या पट्ट्यातली फेज, म्हणजे लहरीची वेळही सरकते. त्यामुळे कट आधी लावायचा आणि वेळेची जुळवाजुळव नंतर करायची.

डिलेच्या पेट्यांची गोष्ट जास्त नाजूक. हेल्मुट हास यांनी १९४९ साली ग्योटिंगेनमध्ये दाखवले, की थोडा उशिरा आलेला आवाज काहीसा मोठा असला तरी कान पहिल्या आवाजाचीच दिशा धरतो. त्यामुळे डिले लावूनही गाणे रंगमंचावरूनच आल्यासारखे वाटते. बेसला या सवलतीचा उपयोग नाही, त्याची नुसती बेरीज-वजाबाकी होते. त्यात पुण्याचा डिसेंबर! दुपारी ३० अंश तापमानात ५० मीटर जायला ध्वनीला सुमारे १४३ मिलिसेकंद लागतात, रात्री १५ अंशांत १४७. या चार मिलिसेकंदांत १२५ हर्ट्झची लहर अर्धे आवर्तन सरकते. दुपारी जुळवलेला बेस रात्री वजा होतो. बिबवेवाडीच्या अण्णाभाऊ साठे सभागृहासारख्या बंदिस्त जागेत तापमान एवढे खालीवर होत नाही, मैदानावर होतेच.

आणि शेजारी? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण हे मोजमाप ‘ए’ भारांकाचे. त्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर आकडा बरा दिसतो आणि घरातली तावदाने थरथरतात. भिंतींना उंच स्वर अडतात, बेस फारसा अडत नाही. डिलेच्या पेट्या कुंपणाच्या आणि इमारतींच्या जास्त जवळ असतात, म्हणून त्यांतला अनावश्यक बेस कापणे हे शेजाऱ्यांचेही देणे आहे.

आयोजकांनी एवढे जरूर करावे. तालमीच्या वेळी डग्गा वाजत ठेवून भरीच्या पेट्या एकदा बंद, एकदा चालू करायला सांगावे. तेवढ्या वेळात पहिल्या बैठकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत स्वतः चालत जावे, आणि रात्री गारवा उतरल्यावर तीच फेरी पुन्हा मारावी.