सुई टोचल्यावर ठोक्यांचं काय होतं?

निरोगी हृदय घड्याळासारखं एका लयीत चालतं, हा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात मिनिटाला ६० ठोके पडत असले, तरी दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बरोबर एक सेकंद नसतं. कधी ९५० मिलिसेकंद, तर कधी १०४०. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घ्या, बोटांनाही हे जाणवेल. हा चढउतार म्हणजे एचआरव्ही. मेंदूकडून येणारी व्हेगस नस हृदयाला किती आवरते, याचा अंदाज त्यावरून येतो. पण जास्त म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात ठोक्यांची लय बिघडते, तरी आकडा फुगलेला दिसतो.

दुसरा समज आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा: ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचा उपचार, भारतात डॉ. कोटणिसांनी आणलं. सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत १९४२ मध्ये तिथेच वारले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कोटणिसांच्या थोरवीला उसन्या श्रेयाची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये 'नेइग्वान' हा बिंदू आहे. तिथे सुई टोचल्यावर एचआरव्ही वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं. पण कातडीत न शिरणारी खोटी सुई वापरून तुलना केली, की हा फरक अनेकदा उरत नाही. बरेचसे अभ्यास छोटे आहेत. शिवाय अर्धा तास निवांत पडून संथ श्वास घेतला, तरी ठोक्यांवर परिणाम होतोच. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या उपचाराला मान्यता दिली, हे खरं. पण त्याने प्रत्येक दावा सिद्ध होत नाही.

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात गाळप हंगामात रात्रपाळी असते. जागरण, चहा, तंबाखू, बीपीच्या गोळ्या, मधुमेह या सगळ्यांनी एचआरव्ही हलतो. म्हणून सुयांआधीचा आणि नंतरचा स्मार्ट घड्याळातला एकेक आकडा पाहून 'हृदय सुधारलं' म्हणणं चूक आहे. एचआरव्ही वाढला म्हणजे ब्लॉकेज सुटलं, हा समज तर जिवावर बेतू शकतो.

सुयांनी बरं वाटत असेल, तर प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसाकडून, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी जरूर उपचार घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. हृदयाच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, आणि छातीत दुखलं तर सुयांची वाट न पाहता आधी दवाखाना गाठून ईसीजी काढा.