बुरशीच्या अंगावरचा जलरोधक थर

हायड्रोफोबिन ही तंतुमय बुरशींमध्ये तयार होणारी लहान प्रथिने आहेत. साधारण १०० अमिनो आम्लांच्या साखळीत सिस्टीन हे आम्ल आठ ठरावीक जागी येते आणि त्यांच्या जोड्या जुळून चार डायसल्फाइड बंध तयार होतात. बुरशीगणिक बाकीचा क्रम पुष्कळ बदलतो. हे आठ सिस्टीन मात्र टिकून असतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात योसेफ वेसेल्स आणि सहकाऱ्यांनी शिझोफिलम कम्यून या बुरशीचा अभ्यास करताना १९९१ मध्ये ही प्रथिने ओळखली. वाळलेल्या लाकडावर येणारी ही पंख्याच्या आकाराची लहान छत्री पावसाळ्यात आपल्याकडेही पडलेल्या फांद्यांवर दिसते.

या बुरशीचे तंतू आधी ओल्या लाकडात वाढतात. बीजाणू हवेत सोडायचे तर तंतूला पाण्यातून वर यावे लागते, आणि काही मायक्रोमीटर जाडीच्या तंतूसाठी पाण्याचा पृष्ठताण हा मोठाच अडसर असतो. बुरशी त्यासाठी एससी३ नावाचे हायड्रोफोबिन पाण्यात सोडते. हे प्रथिन पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जमते आणि पृष्ठताण ७२ वरून सुमारे २४ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो. प्रथिनांमध्ये इतका प्रभाव क्वचितच दिसतो. तंतू वर आला, की त्यानंतर स्रवलेले रेणू त्याच्याच भित्तीवर पसरतात: जलस्नेही बाजू भित्तीकडे, जलविरोधी बाजू हवेकडे. एससी३चे जनुक काढून टाकलेल्या बुरशीत हवेत उभे राहणारे तंतू फारच कमी येतात.

सीमेवर रेणूचे रूप पालटते, ही यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. पाण्यात विरघळलेले एससी३ हवेच्या सीमेवर पोहोचले, की त्यात आधी अल्फा सर्पिलाचे प्रमाण वाढते आणि मग बीटा पत्रे तयार होतात. अशा रेणूंपासून सुमारे १० नॅनोमीटर रुंदीच्या शलाका बनून शेजारी शेजारी रचल्या जातात. ही रचना ॲमिलॉइडच्या जातीची, म्हणून अतिशय चिवट असते. उकळत्या डिटर्जंटमध्येही ती विरघळत नाही, ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लासारखे तीव्र आम्ल लागते. टेफ्लॉनसारख्या जलविरोधी घन पृष्ठभागावर मात्र हा बदल मधल्या, अल्फा सर्पिलाच्या टप्प्यावर अडकतो. डिटर्जंटसह तापवल्यावर तो पुढे सरकतो. डायसल्फाइड बंध तोडले, तर एससी३ सीमेची वाट न पाहता पाण्यातच एकत्र जमू लागते. म्हणजे योग्य जागा येईपर्यंत रेणूला आवरून धरण्याचे काम हे बंध करतात.

सगळी हायड्रोफोबिन इतकी हट्टी नसतात. ट्रायकोडर्मा रिसाय या बुरशीच्या एचएफबी२ सारख्या दुसऱ्या वर्गातील प्रथिनांत आकार फारसा बदलत नाही, शलाकाही बनत नाहीत आणि त्यांचा थर ६० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळतो. बुरशी लागलेल्या बार्लीतून अशी प्रथिने बिअरमध्ये उतरली, तर बाटली उघडताच फेस उसळतो.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या बीजाणूंवरचा रॉडए या हायड्रोफोबिनचा थर त्यांना मानवी प्रतिकारशक्तीपासून लपवतो. तो काढल्यास प्रतिकारपेशी जाग्या होतात. भातावरील करपा रोगाच्या बुरशीत एमपीजी१ हे हायड्रोफोबिन पानाच्या मेणचट पृष्ठभागावर घुसखोरीची तयारी करायला मदत करते. हे जनुक नसलेली बुरशी जिवंत राहते, पण भाताला रोग लावण्याची तिची ताकद बरीच घटते.